नाशिकपासून उपचार किती लांब

नाशिकजवळच्या देवळालीची छावणी १८६१ च्या सुमारास वसली. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातून कसारा ते इगतपुरी रेल्वे सुरू झाली आणि या छावणीचे महत्त्व एकदम वाढले. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी घाट चढून इथल्या कोरड्या हवेत काही दिवस विसावत आणि मग देशभर पांगत. परतीची वाटही इथूनच होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई आपापल्या रेजिमेंटमधून सुटून देवळालीत येत आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत. फौजेची जहाजे थंडीच्या मोसमातच ये-जा करत, कारण उन्हाळ्यातला तांबडा समुद्र भरलेल्या जहाजाला सोसवत नसे. मोसमातले शेवटचे जहाज चुकले की पुढचे कित्येक महिने इथेच काढावे लागत. या शिपायांना हत्यार नसे, कवायत नसे, ठरलेले काम नसे आणि घरी जाण्याची पक्की तारीखही नसे. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत हा काळ नोंदला आहे. वर्षानुवर्षे शिस्तीत राहिलेली चांगली माणसे या रिकामपणात कशी बिघडत, काही तुरुंगात तर काही दवाखान्यात कशी जात, हे त्याने सांगितले आहे. या गावाचे नाव बिघडवून इंग्रज सोजिरांनी ते डोके फिरण्याला लावले, आणि इंग्रजीत ते अजून त्याच अर्थाने टिकून आहे. तिथे वेड्यांचे मोठे इस्पितळ होते म्हणून हे नाव पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण शिपायांच्या आठवणींत वेडाचे कारण म्हणून पुन्हा पुन्हा येते ती प्रतीक्षाच.

मेंदूवर चुंबक धरून नैराश्य बरे करण्याच्या आजच्या उपचाराविषयी लिहिताना देवळालीपासून सुरुवात करण्याचे कारण आहे. या उपचाराची चर्चा सहसा यंत्रापासून सुरू होते आणि यंत्रापाशीच संपते: ते किती टेस्लाचे, किती नवे, कुठल्या देशाने मंजूर केलेले. नाशिक जिल्ह्याच्या गेल्या दीडशे वर्षांकडे पाहिले की दुसराच प्रश्न पुढे येतो. मन खचलेल्या माणसाला इथे जे मिळाले नाही ते यंत्र किंवा औषध एवढेच नव्हते. घरापासून जाऊन-येऊन घेता येईल असा, दिवसामागून दिवस चालणारा उपचार त्याला मिळाला नाही. चुंबकाचा उपचार नेमका रोज जाण्यावर उभा आहे. म्हणून त्याचा इतिहास प्रयोगशाळेबरोबरच रस्त्याचा आणि रेल्वेचाही इतिहास आहे, आणि नाशिकपुरते तरी त्याचे यशापयश तिथेच ठरणार आहे, असे माझे म्हणणे आहे.

गोऱ्या माणसासाठी अंतराचा हा प्रश्न सरकारने आपल्या परीने सोडवला होता. हिंदुस्थानात डोके बिघडलेल्या युरोपियनाला मायदेशी पाठवणे हाच कंपनी सरकारचा मुख्य उपचार होता. लंडनजवळ हॅकनी इथल्या पेंब्रोक हाऊसमध्ये असे रुग्ण ठेवले जात. १८७० मध्ये ती सोय ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलममध्ये गेली. लष्करातल्या रुग्णांसाठी त्याच वर्षी नेटलीच्या लष्करी इस्पितळात ‘डी ब्लॉक’ उघडला. म्हणजे इथे उपचार आणि प्रवास एकच होते. जहाज मिळाले की माणूस अर्धा बरा झाला असे धरले जाई. देवळालीत अडकलेल्यांची शोकांतिका या हिशेबात नीट दिसते, कारण ज्या गोष्टीला औषध मानले होते तीच मोसमावर अवलंबून होती. हिंदी माणसासाठी मात्र ना जहाज होते ना मायदेशीचा वॉर्ड. मुंबई इलाख्याचे वेड्यांचे इस्पितळ १८२६ पासून कुलाब्याला होते. १९०१ मध्ये नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून ठाण्याचे इस्पितळ उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पुण्याचे येरवडाही सुरू झाले. नागपूर आणि रत्नागिरी धरून महाराष्ट्राची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार. येरवड्यात २,५४०, ठाण्यात १,८५०, नागपुरात ९४० आणि रत्नागिरीत ३६५ मंजूर खाटा अशी त्यांची क्षमता. या चारांत नाशिक नाही. २०११ च्या जनगणनेत ६१ लाखांवर लोकसंख्या भरलेल्या, पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला अशा मोठ्या इस्पितळासाठी घाट उतरून ठाण्याला किंवा पुण्याच्या रस्त्याला लागावे लागले.

यावर कोणी म्हणेल की वेड्यांचे इस्पितळ जवळ नव्हते हे नाशिकचे नशीबच. आक्षेपात दम आहे. त्या इस्पितळांची रचना कैदेची होती. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांनी माणूस आत कसा घालावा याची तजवीज बारकाईने केली, बरा कसा करावा याची केली नाही. येरवड्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या पुणेकराचे नैराश्य त्या भिंतीमुळे कमी झाले असे म्हणता येणार नाही. शिवाय जुन्या अहवालांत रुग्णांची वर्गवारी मेनिया, मेलँकोलिया, डिमेन्शिया अशी असे आणि त्यात मेनियाचा भरणा मोठा. जो आरडाओरडा करतो, अंगावर धावून येतो, त्याला पोलीस आणि नातेवाईक इस्पितळात नेत. जो कोपऱ्यात बसून राहतो, जेवत नाही, बोलत नाही, त्याला कोण नेणार? तो कोणाला त्रास देत नव्हता. म्हणून इस्पितळ नसल्याने नैराश्याच्या रुग्णाचे थेट नुकसान झाले, हा माझा दावाच नाही. माझे म्हणणे असे की मोठ्या, दूरच्या, बंदिस्त इस्पितळाखेरीज मानसिक उपचाराचे दुसरे रूप सरकारने शंभर वर्षे कल्पिलेच नाही, आणि त्या रूपात शांतपणे खचणाऱ्या माणसाला जागा नव्हती. तो घरातच राहिला, आणि घरच्यांनी जवळची वाट शोधली.

ती वाट नाशिकमध्ये भरपूर रुळलेली आहे. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा. घरात सतत आजारपण, मूल न होणे, मन थाऱ्यावर नसणे अशा कारणांनी देशभरातून कुटुंबे येतात, उपाध्यायांकडे उतरतात, तीन दिवस तिथेच जेवतात-झोपतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सवाला खानदेशातून पायी येणारे जत्थे असतात आणि त्यांत आजारी माणसाला सोबत घेऊन आलेली घरेही असतात. या प्रथांनी नैराश्य बरे होते असे म्हणायला आधार नाही. उपचार लांबल्याने किंवा भगताच्या हाती पडल्याने माणसे दगावली आहेत, छळली गेली आहेत. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. तरीही या स्थळांनी जे दिले ते वैद्यकाने दिले नव्हते, हे इतिहासकाराने मान्य केले पाहिजे. रुग्ण एकटा येत नाही, माणसे सोबत येतात. मुक्कामाची सोय ठरलेली असते, दिवसांची संख्या आधीच माहीत असते, आणि परत जाताना तो ‘वेड्यांच्या इस्पितळातून आलेला’ ठरत नाही. नैराश्याच्या रुग्णाला ज्या चार गोष्टींची गरज असते त्या इथे होत्या. रोगावर चालणारा उपाय तेवढा नव्हता.

तो उपाय शोधणाऱ्यांच्या हाती तोवर वीज आली होती. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवले की बदलते चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारेत वीजप्रवाह निर्माण करते. त्या तत्त्वावरचे कॉइल काही दशकांतच युरोपातल्या डॉक्टरांच्या टेबलावर आले. लुळ्या स्नायूला, दुखऱ्या नसेला आणि खिन्न माणसालाही झटके देऊन पाहिले गेले. पहिल्या महायुद्धात या उपचाराचे दुसरे रूप दिसले. तोफांच्या माऱ्यात वाचा गेलेल्या, पाय लटपटणाऱ्या शिपायांना लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळात लुईस येलंड या डॉक्टरने विजेचे तीव्र झटके दिले आणि आज्ञा मानेपर्यंत खोलीबाहेर सोडले नाही. त्याचे पुस्तक १९१८ चे आहे आणि त्यात हे सारे यश म्हणून सांगितले आहे. युद्धानंतर व्हिएन्नात अशाच उपचारांची चौकशी झाली तेव्हा १९२० मध्ये सिग्मंड फ्रॉइडने लेखी मत दिले. त्यात त्याने बोट ठेवले ते हेतूवर: शिपायाला बरे करायचे की आघाडीवर परत धाडायचे? त्याच युद्धात मेसोपोटेमियाहून आलेल्या आजारी-जखमी शिपायांसाठी देवळालीत मोठी लष्करी इस्पितळे चालत होती. फ्रॉइडने विचारलेला प्रश्न तिथल्या प्रत्येक खाटेलाही लागू होता.

पुढे १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने फिट आणण्याचा उपचार सुरू केला. तीव्र नैराश्यात, विशेषतः माणूस खाणे-पिणे सोडतो किंवा भ्रम होऊ लागतात तेव्हा, तो आजही सर्वांत प्रभावी उपचारांपैकी एक आहे. पण तो अनेक वर्षे भूल न देता दिला गेला, कधी शिक्षेसारखा वापरला गेला, आणि ‘शॉक देणे’ हे दोन शब्द मराठी घरांत धमकी म्हणून शिरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता हा उपचार करण्यावर बंदी घातली. चुंबकाच्या उपचाराविषयी घरच्यांचा पहिला प्रश्न ‘म्हणजे शॉकच ना?’ असतो, त्यामागे ही सगळी वर्षे उभी आहेत. उत्तर ‘नाही’ असेच आहे, पण प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजण्याचे कारण नाही.

विजेच्या पाठोपाठ गोळ्या आल्या आणि अंतराचा प्रश्न त्यांनी खरोखर हलका केला. इथे देवळालीचा पुन्हा उल्लेख करायला हवा. लष्कराबरोबर या गावाची दुसरी ओळख म्हणजे हवापालटाची सॅनिटोरियम. क्षयाच्या काळात कोरड्या हवेसाठी मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबे इथे येऊन राहत. हवेखेरीज क्षयावर फारसे काही नव्हते. मग १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात इप्रोनियाझिड हे क्षयाचे नवे औषध घेणारे रुग्ण एकाएकी उत्साही दिसू लागले, आणि त्यातून नैराश्यावरच्या गोळ्यांची पहिली जात हाती लागली. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलान्ड कूनने इमिप्रामिनचा अनुभव प्रसिद्ध केला. गोळीचा खरा क्रांतिकारक गुण रसायनाइतकाच तिच्या आकारात आहे, असे मला वाटते. ती खिशात मावते. सुरगाण्याचा माणूस महिन्यातून एकदा नाशिकला येऊन तीस दिवसांची गोळी घेऊन जाऊ शकतो. तरी तिची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या गोळीने पूर्ण बरे वाटलेले रुग्ण साधारण एक तृतीयांश होते. दुसरी, तिसरी, चौथी गोळी बदलत गेले की दर पायरीला यशाची शक्यता घटत गेली. दोन-तीन औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही जे खचलेलेच राहतात, त्यांच्यासाठी चुंबकाचा उपचार पुढे आला.

चुंबक म्हटले की आपल्याकडे आधी आठवते ते चुंबकाचे पाणी, चुंबकाच्या गाद्या आणि मनगटातली कडी. हा घोळ मिटवायला कुलाब्याचेच उदाहरण चांगले. १८२६ मध्ये जिथे वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले त्याच कुलाब्यात त्याच वर्षी वेधशाळेची इमारत झाली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ही मोजणी अलिबागला हलवावी लागली. वीज वाहिली की चुंबकीय क्षेत्र तयार होते याचा हा मुंबईकर पुरावा. उपचारातले यंत्र हेच नाते दोन टप्प्यांत वापरते. डोक्याजवळ धरलेल्या कॉइलमधून क्षणभर जबरदस्त प्रवाह सोडला की दीड ते दोन टेस्लाचे क्षेत्र उभे राहते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या काही दशसहस्रपट. ते सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागात चढते आणि उतरते. या झपाट्याच्या बदलाने, फॅरडेच्या नियमाप्रमाणे, कवटीखालच्या मेंदूच्या थरात सूक्ष्म प्रवाह उमटतो आणि चेतापेशी जाग्या होतात. कडीतला चुंबक कितीही भारी असला तरी तो बदलत नाही, म्हणून त्यातून काही उमटत नाही. अठराव्या शतकात व्हिएन्नात आणि पॅरिसमध्ये मेस्मरने चुंबकाच्या नावावर जे चालवले ते १७८४ मध्ये फ्रँकलिन आणि लॅव्हाझिए ज्या समितीत होते तिने तपासून खोडून काढले. आजच्या उपचाराचा त्या परंपरेशी काही संबंध नाही. १८९६ मध्ये द’आर्सोन्व्हालने मोठ्या कॉइलमध्ये डोके घातल्यावर डोळ्यांपुढे प्रकाश चमकतो असे नोंदले. १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या पोलाचेक आणि बेअर यांनी खिन्नतेवर विद्युतचुंबकाचा वापर करण्यासाठी पेटंट मागितले. पण नेमकी, मोजता येणारी चेतना देणारे यंत्र १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्करने केले. डोक्याच्या एका ठरावीक जागी कॉइल धरला की समोरच्याचे बोट हलले. बार्करला नसांची तपासणी करायची होती. नैराश्याकडे हे यंत्र दहा वर्षांनी, मार्क जॉर्ज आणि पास्कुआल-लिऑन यांच्या १९९५-९६ च्या छोट्या अभ्यासांतून वळले.

उपचाराची रीत साधी आहे. रुग्ण खुर्चीत जागा बसतो. कॉइलने अंगठा हलतो तेवढी ताकद आधी शोधतात, मग कपाळाच्या डाव्या बाजूला, विचार आणि निर्णयाशी संबंधित भागावर, त्या प्रमाणात ठोके देतात. टकटक आवाज होतो, कातडी ओढल्यासारखी वाटते, काहींचे डोके दुखते. भूल नाही, स्मृती जाणे नाही, उपचार संपला की माणूस उठून चालू लागतो. फिट येण्याचा धोका अगदी थोडा, पण आहे. डोक्यात धातूची पट्टी किंवा कानात इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेल्यांना हा उपचार देत नाहीत. अमेरिकेने ऑक्टोबर २००८ मध्ये मंजूर केलेल्या पद्धतीत एक सिटिंग ३७ मिनिटांचे, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. वीस ते तीस सिटिंग. इथेच अंतर औषधाच्या मात्रेत शिरते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, चुंबकाची मात्रा किती वेळा येऊन बसलात यावर. सुरगाण्याहून नाशिक नव्वद किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबर छाटणीला निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत टोळीने आलेली पेठची बाई रोज दुपारी काम टाकून शहरात जाऊ शकत नाही, आणि बागाईतदारही छाटणीनंतरचे ते आठवडे बाग सोडून हलत नाही. नैराश्यात आंघोळ करणे जड जाते. त्या माणसाकडून तीस वेळा एस.टी. पकडण्याची अपेक्षा करणे म्हणजे ज्या शक्तीचा अभाव हाच रोग आहे, तीच शक्ती उपचाराची अट म्हणून मागणे.

याच ठिकाणी सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. रोज कोणीतरी आपली वाट पाहते, नावाने हाक मारते, कसे वाटते विचारते, यानेच माणूस सुधारत असेल तर? मग महागडा चुंबक कशाला? पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. २००७ मध्ये ३०१ रुग्णांवर झालेल्या ज्या चाचणीच्या जोरावर मंजुरी मिळाली, तिच्यात आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापावर फरक संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडेच थांबला. २०१० मध्ये सरकारी पैशाने झालेल्या १९० रुग्णांच्या चाचणीत पूर्ण बरे झालेले खऱ्या उपचारात १४ टक्के आणि नकली उपचारात ५ टक्के होते. फरक खरा, पण आकडा नम्र. २०१८ मध्ये अमेरिकेच्या १६४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत खऱ्या कॉइलने सुमारे ४१ टक्के बरे झाले आणि नकली कॉइलने ३७ टक्के. माजी सैनिकांचाच हा निष्कर्ष देवळालीच्या शेजारी ठेवून वाचावा असा आहे. एका बाजूला काहीही न करता महिनोन्‌महिने ठेवलेली, आणि त्यात खचत गेलेली माणसे. दुसऱ्या बाजूला रोज ठरलेल्या वेळी बोलावलेली, विचारपूस झालेली माणसे, ज्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नकली यंत्रानेही सावरली. म्हणून चुंबक खोटा, असे मी म्हणत नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहता खऱ्या कॉइलची बाजू जड राहते, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांत तेवढा फरकही मोलाचा असतो. पण या उपचारात चुंबक आणि रोजची भेट वेगळी काढता येत नाहीत. भेटीचा भाग काढून नुसते यंत्र विकत घेणारे इस्पितळ अर्धेच औषध विकत घेते.

दुसरा आक्षेप सार्वजनिक आरोग्यातल्या कोणाही अनुभवी माणसाचा असेल: जिथे साधी गोळी पोचत नाही तिथे चुंबकाची भाषा कशाला? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी ८५ च्या आसपास उपचाराबाहेर आढळले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता, म्हणजे त्यात आपला आकडादेखील नाही. पहिला पैसा गोळ्यांवर, समुपदेशकांवर आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एकदा बसणाऱ्या मनोविकारतज्ज्ञावर खर्च व्हावा, यात वादच नाही. १४४१६ या टेलिमानस क्रमांकानेही काही वाट मोकळी केली आहे. पण फोनवरून समजूत घालता येते, चुंबक धरता येत नाही. आणि गोळ्या हरल्यानंतरच्या पायरीला सरकारी दवाखान्यात काहीच नसेल तर ती पायरी श्रीमंतांची होऊन बसते. मुंबई-पुण्यात आणि आता त्याहून लहान शहरांतल्या खासगी दवाखान्यांत ती तशी होऊ लागली आहे. नाशिकमध्ये १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. राज्यभरच्या वैद्यकीय शिक्षणाचा कारभार जिथून चालतो त्या शहराच्या जिल्ह्यात ही पायरी सार्वजनिक असावी, ही मागणी अवाजवी नाही.

या मागणीला कायद्याचा आधार आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. २०१७ च्या कायद्याचे अठरावे कलम सरकारला बजावते की मानसिक आजाराच्या माणसाला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ असाव्यात. ठरवून दिलेली किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातली दुसरी सेवा घेण्याचा त्याला हक्क आहे आणि तो खर्च सरकारने उचलायचा आहे. १८५८ आणि १९१२ च्या कायद्यांच्या शेजारी हे कलम ठेवले की बदल केवढा आहे ते कळते. आधीचे कायदे भिंतीविषयी बोलत होते, हा अंतराविषयी बोलतो. अंमलबजावणी कागदाच्या फार मागे आहे, तरी देशाच्या कायद्याने अंतराला आजारपणाचा भाग मानले, ही गोष्ट लहान नाही.

तंत्रज्ञानही आता त्याच दिशेने सरकत आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या तीन केंद्रांवर ४१४ रुग्णांची चाचणी झाली. तिच्यात ३७ मिनिटांच्या जुन्या सिटिंगऐवजी थीटा बर्स्ट नावाच्या तीन मिनिटांच्या ठोक्यांनी तेवढाच गुण आला. प्रतिसाद ४७ आणि ४९ टक्के, पूर्ण बरे २७ आणि ३२ टक्के. त्यात नकली उपचाराचा गट नव्हता हे लक्षात ठेवावे. पण एका यंत्रावर दिवसाला कितीतरी जास्त माणसे बसू शकतात, आणि जिल्हा रुग्णालयाच्या दृष्टीने हा हिशेब बदलून टाकणारा आहे. त्याहून पुढची पायरी स्टॅनफर्डची: दिवसाला दहा सिटिंग, पाच दिवसांत पन्नास. २०२२ च्या चाचणीत गुण फार चांगला दिसला, अमेरिकेने त्याच वर्षी मंजुरीही दिली. मात्र चाचणीत रुग्ण अवघे २९ होते, आणि कॉइल कुठे धरायचा हे ठरवायला प्रत्येकाचा खास एमआरआय लागतो. त्यामुळे ही पद्धत उद्याच नाशिकला आणावी असे म्हणणे घाईचे ठरेल. तरी असा थोड्या, ठरावीक दिवसांचा मुक्काम इथल्या माणसाच्या ओळखीचा आहे. कुटुंबाने रुग्णासोबत ठरावीक दिवस मुक्कामाला येणे, उतरण्या-जेवण्याची सोय आधी लागलेली असणे आणि विधी संपवून घरी जाणे, हे त्र्यंबकेश्वरने पिढ्यान्‌पिढ्या चालवून दाखवले आहे. उपचाराला देवस्थानाचा मुलामा द्या असा याचा अर्थ नाही, आणि तसे कोणी करू लागले तर विरोधच केला पाहिजे. घ्यायची ती व्यवस्था. तीन मिनिटांची पद्धत आणली तरी तिचे वीस-तीस दिवस उरतातच. त्या दिवसांसाठी इस्पितळाच्या आवारात सोबतीसह राहायची खोली, एस.टी.चा पास, सोबत आलेल्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि मध्येच येणे थांबवणाऱ्याला घरी जाऊन भेटणारी आशाताई, एवढे सगळे यंत्राच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरले, तरच पेठ-सुरगाण्याचा रुग्ण तिसाव्या सिटिंगपर्यंत पोचेल.